फागूबाबांचे हसू काबीज केल्याची हकीकत

श्रीविठोबा-रखुमाईचे पायी मस्तक ठेवोन, मृदंगाचे शाईस आणि टाळाचे दोरीस नमन करोन, मौजे साखरशेत, तालुके जव्हार, येथील हरिनाम सप्ताहात दोघा जावयांमध्ये कॅमेऱ्यावरून जे तुंबळ जाहले त्याची साद्यंत हकीकत लिहिण्यात येते. कारण की, ही हकीकत जामसरास एक सांगतात, मोखाड्याचे बाजारात दुसरी सांगतात आणि जीपवाले तर पदरची भर घालोन तिसरीच सांगतात. सबब घडले ते घडले तैसे नमूद व्हावे, इतकाच मतलब. मध्येच लेखणी विषय सोडोन कीर्तनात रमली, तर वाचणारांनी राग धरू नये. तो अपराध बुवांच्या गळ्याचा.

त्याचे ऐसे जाहले. साखरशेतात फागूबाबा म्हणोन मृदंगाचे सरदार. भाताची दोन खाचरे आणि डोंगरउतारावर नाचणी, इतकाच मुलूख. परंतु मृदंगावर थाप पडली की पंचक्रोशीची मान डोलावी, ऐसा अंमल. आणि हसणे तर ऐसे की, बाबा अंगणात हसले तर परसात कोंबड्या उडत. परंतु त्या हसण्याचा फोटो म्हणोन आजतागायत निघाला नव्हता. त्यास कारण पूर्वीचे. बाबा तरणे असता रेशनकार्डाचे फोटोकरिता जव्हारास गेले, तेथे फोटोवाल्याने फर्माविले की, हलू नका, हसू नका. बाबा आज्ञाधारक. त्यांनी तो हुकूम जन्माचा मानिला. मग कोठेही कॅमेरा दृष्टीस पडला की बाबांची पाठ ताठ होई, दोन्ही तळवे गुडघ्यांवर जात, ओठ शिवले जात आणि डोळे सुई टोचणारे डॉक्टरकडे पाहावे तैसे होत. दोन्ही लेकींचे लग्नाचे फोटोत बाबा ऐसे बसले आहेत की, वधूपिता कोणता आणि चौकीत आणिलेला इसम कोणता, हे परक्यास कळू नये.

यंदा घरकुल पुरे जाहले, भिंतीस चुना लागला, आणि बाबांच्या धर्मपत्नी लाडकीबाई यांनी दोन्ही जावई जेवावयास बसले असता भाकरी थापता थापता हुकूम सोडिला, तो येणेप्रमाणे:

"आख्खा जन्म ह्या माणसाचं हसणं ऐकलं मी. आन् भिंतीवर काय पोलीस पाटील बसवू? जावाय दोघं फोटोवाले ना? मंग मला हसता फोटो द्या. नाय तर भिंत तशीच ऱ्हाऊ द्या, पाली तरी फिरतील."

ऐसे ऐकोन थोरले जावई रूपेशराव जामसरकर यांचा घास हातीच राहिला. हे गृहस्थ हळदी, बारशी आणि शाळेच्या स्नेहसंमेलनांचे नामजाद फोटोगिराफर. मोखाड्यात एक स्टुडिओ बंद पडला, तेव्हा तेथोन त्यांनी जुना डीएसएलआर कॅमेरा आणिला होता. त्याचे वजन वरवंट्याएवढे. मुठीचे रबर सुटले, तेथे सायकलचे ट्यूबचा तुकडा चिकटविलेला. पोटात आरसा, तो बटण दाबिले की 'खटाक्' ऐसा आपटे, की निजलेले मूल उठोन रडावे. लेन्स आखूड, सबब माणसाचे अंगावर चालोन गेल्याविना फोटो साधत नसे. परंतु एक गुण ऐसा की, चुलीपुढचे उजेडात जेथे माणसास माणूस दिसेना, तेथे हा कॅमेरा गालावरची खळी टिपी. रूपेशरावांची त्यावर पोराप्रमाणे माया. पावसाळ्यात त्यास तांदळाचे डब्यात ठेवीत, आणि घरच्या भातास बॅटरीचा वास येतो ऐसे जयश्रीबाई, म्हणजे त्यांचे कुटुंब, चारचौघांत सांगत.

धाकटे जावई गोरखराव हे भिवंडीचे गोदामात नोकर. त्यांनी औंदा दिवाळीस नवा सुपरझूम घेतला. यास ब्रिज कॅमेरा म्हणतात. लेन्स काढता-घालता येत नाही, परंतु बटण सरकविले की नळी चालोन येते, पुनः येते, पुनः येते, आणि पाहणारा दोन पावले मागे सरतो. वजनास हलका. फोटो काढिता चकार शब्द नाही. ऐसी तोफ गळ्यात घालोन गोरखराव सप्ताहाचे मांडवाबाहेर उभे राहिले आणि बोलिले:

"साडू, तुझा वरवंटा ठेव मसाला वाटायला. हे बघ, इथनं त्या टेकाडावरची गाय दिसते का? कानातला बिल्ला वाचून दावतो."

"मला गाय नको," रूपेशराव म्हणाले, "मला सासरा पायजे."

येणेप्रमाणे युद्धास तोंड लागले.

पहिली चढाई रूपेशरावांची. सायंकाळी हरिपाठ चालला असता ते टाळकऱ्यांचे दोन ओळींमधोन गुडघ्यांवर सरकत सरकत मृदंगापाशी पावले. बुवांनी नेमका तेव्हा आवाज खाली आणिला. अहाहा, तो आवाज काय वर्णावा! समईची वात कोणी हळूच मागे सारावी, परंतु उजेड कमी होऊ नये, ऐसा तो उतार. बायका पदर विसरल्या, टाळ हातांत तरंगू लागले, बाबांचे मुखावर तेज आले, ओठांची कड हलली, आणि रूपेशरावांनी बटण दाबिले. खटाक्! बाबांनी आवाज ऐकिला, समोर काळा डोळा पाहिला, मग पाठ ताठ, ओठ बंद, आणि मृदंगावरचे दोन्ही हात उठोन गुडघ्यांवर! ठेका बंद पडिला. टाळकरी भरधाव होते, ते एकमेकांवर आदळले. बुवांनी डोळे उघडिले आणि माईकवरून फर्मान काढिले की, आजपासोन कॅमेरावाल्यांनी टाळकऱ्यांचे ओळीबाहेर राहावे; ओळीचे आत फक्त हरिनाम. फोटो पाहिला तो उत्तम निघाला होता. अंधार असोनही मिशीचा केस न् केस मोजोन घ्यावा. परंतु मिशीखाली तोच रेशनकार्डाचा इसम.

दुसरी चढाई गोरखरावांची. ते दुसरे सांजेस समोरील शाळेचे ओटीवर चढले, नळी लांबविली आणि तेथोन मांडवात नेम धरिला. बाबांस खबर नाही. बाबा हसले, खासे हसले, गोरखरावांनी टिपिले आणि ओरडत आले की, फत्ते! मग लाडकीबाईंनी पडद्यावर पाहिले. मांडवात उजेड तो किती, आणि नव्या कॅमेऱ्याचे पोटातले डोळे बारीक, सबब त्याने अंधारात जे मिळाले ते ओढोन ताणोन आणिले होते. बाबांचे मुखावर दाणे दाणे जाहले होते.

"ह्यांच्या तोंडावर नाचणी कोणी सांडली?" बाईंनी पुसिले.

दुसरे फोटोत हात हलल्यामुळे बाबा हुकले आणि वीणेकरी पुंजाचा कान तेवढा आला. पुंजाने तो आवडीने मागोन घेतला, ती गोष्ट निराळी.

यावर दोघा साडूंची चहाचे टपरीवर वाग्युद्धे होऊ लागली. एक म्हणे, अंधारात आंधळा तुझा घोडा. दुसरा म्हणे, तुझा घोडा डोळस, पण खिंकाळतो केवढा! शेवटी जयश्रीबाईंनी भर टपरीत येवोन नवऱ्यास निर्वाणीचा खलिता दिला:

"तुमच्या त्या खटाक्यानं बाबांचा ठेका चुकला, गावात तोंड दाखवायची सोय नाय ठेवली. काल्याच्या दिवशी फोटो आला तर आला. नाय तर मोखाड्याच्या बाजारात कॅमेरा द्यायचा आणि शेळी आणायची. शेळी ओरडते, पण दूध तरी देते."

रूपेशरावांनी चहा अर्धाच सोडिला. त्या रात्री त्यांनी कॅमेरा उशाशी घेतला, आणि स्वप्नात शेळी तांदळाचे डब्यात बसलेली दिसली.

मग काल्याचा दिवस उजाडला. दहीहंडीकरिता मांडवाची पुढली कनात सोडिली होती, सबब मृदंगाचे अंगास लखलखीत ऊन पडिले, आणि बायका बसल्या तो भाग लगतच मागे ताडपत्रीखाली काळोखात राहिला. गोरखराव शाळेचे ओटीवर नळी सरसावोन सिद्ध. रूपेशराव ओळीबाहेर बांबूस टेकोन उभे. कॅमेरा चालू करोन गळ्यात, लेन्सचे झाकण दातांत. तेथोन बाबा दिसत ते करंगळीएवढे. आखूड लेन्स काय करील? इकडे बुवांनी गोपाळांच्या शिदोऱ्या सोडावयास घेतल्या. पेंद्या कोणते फडक्यात काय घेवोन आला, देवाने कोणाचे उष्टे कैसे ओढोन खाल्ले, हे ऐसे रसाळ सांगितले की, रूपेशराव शेळी विसरले, कॅमेरा विसरले, त्यांचे मुखातोन आपसूक "विठ्ठल" निघाले, आणि मुख उघडताच झाकण खाली पडोन गडगडत ओळीचे आत, नेमके वीणेकरी पुंजाचे पायांपाशी जावोन थांबले.

येथे सप्ताहाची चाल सांगणे जरूर. सप्ताह चाले तोवर वीणा भुईस टेकत नाही, आणि ज्याचे गळ्यात वीणा तो बसत नाही. एकाचा पहारा सरला की दुसरा येतो, वीणेकऱ्याचे पायी वाकतो, वीणेकरी त्यास वाकतो आणि वीणा गळ्यात देतो. पुंजा पहाटेपासोन उभा होता. त्याचा बदली महाप्रसादाचे वरणापाशी गुंतला होता, पुंजाचे पाय सुजले होते आणि चहाचा वास नाकाशी येत होता. ऐसे समयी रूपेशराव झाकण उचलावयास त्याचे पायांपाशी वाकले.

"आला रं माझा विठोबा!" ऐसे बोलोन पुंजाही वाकला, आणि रूपेशराव झाकण घेवोन उठतात तो वीणा गळ्यात आणि चिपळ्या हातात! पुंजा चपला शोधीत चहाकडे रवाना.

"पुंजादादा, मी नाय रं, मी झाकणाला…" रूपेशराव म्हणत राहिले. परंतु घेतलेली वीणा टाकितो कोण? आता मौज ऐसी की, बाबा हातभर अंतरावर. ओळीचे आत, उन्हात, ऐसी जागा फोटोगिराफरास जन्मात लाभणार नाही. आणि एक हात तारांस, दुसरा चिपळ्यांस. कॅमेरा पोटावर लोंबतो आहे, आणि हात मोकळा म्हणोन नाही. रूपेशरावांनी डोळे मिटोन तार छेडिली. कानांत टाळांऐवजी शेळीच ऐकू येऊ लागली.

इतक्यात बुवा थांबले. शिदोरी सोडिली आहे, देव पेंद्याचे मुखाकडे पाहतो आहे, मांडवात चिडीचूप, ऐसे क्षणी वीणेचा भोपळा कॅमेऱ्याचे बुडाखाली शिरला, कॅमेऱ्याने मान वर केली, आणि दांडा बटणावर टेकला.

खटाक्!

बुवांनी एक डोळा उघडिला. बाबांनी कॅमेरा पाहिला. पाठ ताठ होऊ लागली, तळवे गुडघ्यांकडे निघाले, ओठ मिटत आले. मग बाबांची नजर वर गेली. थोरले जावई एकीकडे वीणा आणि एकीकडे कॅमेरा अडकोन, पोळ्याचे दिवशी कोणी चुकोन नांगरास जुंपिलेल्या बैलागत उभे, दोन्ही हात वर, आणि पुटपुटत आहेत:

"बाबा, मी नाय. देवाशपथ मी नाय. हा आपला आपणच…"

खटाक्! कॅमेरा आपला आपणच बोलिला.

आणि फागूबाबा फुटले. रेशनकार्डाचे हुकुमाचा त्या क्षणी बीमोड जाहला. बाबा ऐसे हसले की, मृदंग मांडीवरून घसरला, टाळकरी हसले, वीणा हलोन कॅमेरा तिसऱ्याने खटाक् बोलिला, बुवांनी उपरणे तोंडास लाविले तरी पोट हलत होते, आणि पेंद्याची शिदोरी तैसीच उघडी राहिली. त्या गदारोळात शाळेचे ओटीवर गोरखरावांची नळी चालोन आली, पुनः आली, आणि निःशब्द काम करोन परत गेली.

मग हंडी फुटली, काला वाटला, गोरखराव धावत आले. पडद्यावर बाबा उन्हात न्हालेले, डोळे मिटलेले, पुढचे दातांची खिंड उघडी, आणि एक दाणा नाचणीचा नाही. कडेस रूपेशरावांचे कोपर आणि वीणेचा भोपळा.

"साडू," गोरखराव म्हणाले, "हसवलं तू, पकडलं मी."

रूपेशराव अजून वीणा घेवोन उभेच. पुंजा दुसऱ्या चहावर होता. ते बायकोकडे पाहोन हळूच बोलिले, "शेळी काळी घे गं. पांढरी लगेच मळते." जयश्रीबाई पुढे जाहल्या, नवऱ्याचे हात गुंतलेले म्हणोन त्यांनीच गळ्यातला कॅमेरा उचलिला आणि बटण दाबोन पाहू लागल्या. पहिल्या दोन खटाक्यांत बांबू आणि ताडपत्री. तिसरा आला आणि बाईंनी पडदा डोळ्यांजवळ नेला.

मागील काळोखात बायकांची रांग, आणि रांगेत लाडकीबाई. पदर तोंडापाशी नेला तो अर्ध्यावर राहिला आहे, डोळ्यांत पाणी, आणि मृदंगाकडे पाहोन हसत आहेत; नुकते लगीन ठरलेल्या पोरीगत. त्या अंधारात गोरखरावांचे नळीने नाचणीचे पोते ओतिले असते. जुन्या कॅमेऱ्याने गालावरची खळी टिपिली होती.

"आईला असं हसताना मी कधी बघितलं नाय," जयश्रीबाई बोलिल्या.

लाडकीबाईंनी पाहिले आणि रागावल्या. "माझा कशाला काढला? मी ह्यांचा सांगितला होता."

तेव्हा फागूबाबांनी तो कॅमेरा हाती घेतला, उन्हास पाठ करोन पुष्कळ वेळ पाहिला, आणि हुकूम केला, तो त्यांचे हयातीतील फोटोविषयीचा एकच हुकूम:

"दोन्ही लावा. माझा हिच्याकडं तोंड करून."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. उभय साडूंमध्ये तह ठरला की, दूरचे आणि उजेडातले ते सुपरझूमने मारावे, जवळचे आणि काळोखातले ते डीएसएलआरने राखावे, आणि एकमेकांचे घोड्यास नावे ठेवू नयेत. शेळीचा खलिता रद्द जाहला. तांदळाचा डबा कॅमेऱ्याकडे कायम राहिला. वीणा भुईस न टेकता पुंजाचे गळ्यात पोचली. भिंतीवर दोन खिळे मारिले, बाबा बाईंकडे पाहोन आणि बाई बाबांकडे पाहोन हसू लागल्या. आणि त्या भिंतीखाली उभयतांस बसवोन जावयांनी दोन्ही कॅमेरे रोखिले, तो बाबांची पाठ ताठ, तळवे गुडघ्यांवर, ओठ बंद. तो फोटो लाविला नाही. बाकी सर्व खरे. रामकृष्णहरी.