सदतीस नंबरचं वळण

दुपारचे अडीच वाजले होते. आळीतल्या सगळ्या घरांची दारं जेवणानंतर लोटलेली होती, आणि टपालकाका भाजी चिरायची सुरी घेऊन अंगणातल्या आंब्याचं खोड खरवडत होते. खोडावर लाल रंगात भलाथोरला आकडा होता, सदतीस. सात लवकर निघाला. तीन मात्र सालीत खोल मुरला होता.

काका टपालखात्यातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. हा आंबा काकूंनी लावलेला. नव्या संसारात खाल्लेल्या पहिल्या आंब्याची कोय त्यांनी अंगणात पुरली, आणि त्या कोयीनं आपल्या परीनं सगळं केलं. उंच झाली, पसरली, सावली दिली. फळ मात्र एकही दिलं नाही. दर वर्षी चार ठिकाणी मोहोर यायचा, दोन दिवस मिरवायचा आणि गळून जायचा.

"झाड आहे की सरकारी कचेरी?" काका म्हणायचे. "जागा भरपूर, काम शून्य. तोडून टाकू."

"पुढच्या वर्षी लागतील," काकू म्हणायच्या.

हा संवाद तीस वर्षं चालला. काका 'तोडू' म्हणत राहिले, काकू 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिल्या, आणि दोघं त्याच झाडाखाली बसून चहा पीत राहिले.

मग दोन वर्षांपूर्वी भर दुपारी काकूंच्या छातीत कळ आली. दवाखान्याची गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत आली आणि थांबली, कारण पुढे रस्ताच नव्हता. आळीपर्यंत यायला होती ती मैलभराची पायवाट, झाडाझुडपांतून वाकडीतिकडी. चौघांनी काकूंना हातांच्या लाकडी खुर्चीत बसवलं आणि उचललं. खुर्चीचा पुढचा उजवा पाय काकांच्या हातात होता. ते धावायला लागले, तर काकू तशाही अवस्थेत म्हणाल्या, "अहो, सावकाश. कुठं आग लागलीय?"

गाडी दिसली तेव्हा काकूंचा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता.

त्यानंतर काकांनी रस्त्यासाठी अकरा अर्ज केले. घरोघर फिरून सह्या घेतल्या, पहिली स्वतःची ठोकली. पलीकडच्या माळावर वसाहत करायचं कचेरीच्या मनात होतंच. वसाहत म्हटली की दवाखाना आला, दवाखाना म्हटला की रस्ता आला. अकराव्या अर्जाला यश आलं. अर्जात काकांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'रस्ता अगदी आमच्या दारापर्यंत यावा.' कचेरीनं शब्दाला शब्द पाळला. नकाशावरची रेघ माळावरून सरळ निघाली ती काकांच्या दारासमोर, बरोबर आंब्याच्या बुंध्यावरून गेली.

तोडायच्या झाडांवर आकडे घालायला कचेरीतून एक माणूस आला. आळीनं त्याला पहिल्याच दिवशी 'आकडेवाला' नाव दिलं. त्याच्याजवळ एक वही, एक लाल रंगाचा डबा आणि एक नियम होता: वहीत चोपन्न झाडं, तर खोडांवर चोपन्न आकडे. झाड कुठलं आहे, आंबा की बाभूळ, हे त्याला कळत नसे. त्याला फक्त आकडे ओळखू येत. तोडणाऱ्यांचा मुकादम याच्याही पुढचा. तो वही बघत नसे, नकाशा बघत नसे. खोडावर आकडा असला तर करवत, नसला तर नाही.

म्हणून काका खोड खरवडत होते. झाड तेवढं वाचावं आणि रस्ताही व्हावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तसं ते कुणाजवळ म्हणायची मात्र सोय नव्हती. अकरा अर्ज त्यांचेच होते.

दुसऱ्या दिवशी आकडेवाल्यानं मोजणी केली. त्रेपन्न. पुन्हा मोजली. पुन्हा त्रेपन्न.

"छत्तीस आहे, अडतीस आहे. मधला कुठं गेला?" तो काकांच्याच ओट्यावर टेकून म्हणाला.

"मला काय विचारता? मी टपालवाला, मोजणीदार नाही," काका म्हणाले, आणि त्याला पाणी दिलं. पेला धरलेला हात किंचित लाल होता.

आकडेवाला पाणी प्यायला, त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि हाताशी येईल त्या जाडसर खोडावर सदतीस घालून मोकळा झाला. ते खोड शेजारच्या शिंप्याच्या पेरूचं होतं.

शिंपी मापाचे कपडे त्या पेरूला टांगत असे. संध्याकाळी त्यानं आकडा बघितला आणि तोंडातली सुई आधी बाजूला काढून ठेवली. ओरडताना सुई गिळू नये एवढं भान त्याला कायम असे.

"माझा पेरू रस्त्यात येतो? माझा पेरू माझ्याच अंगणात नीट येत नाही!"

त्यानं इस्त्रीतल्या राखेनं आकडा घासून काढला. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्रेपन्न भरले. आकडेवाल्यानं सदतीस दूधवाल्या आजींच्या झाडावर घातला. त्या झाडाला आजींची म्हैस बांधलेली असे. म्हशीनं अंग घासघासून अर्धा आकडा स्वतःच्या पाठीवर घेतला.

"आता म्हैस पण तोडायचीय का रे?" आजींनी आकडेवाल्याला रस्त्यात गाठून विचारलं.

"आजी, वहीत चोपन्न आहेत."

"तुझ्या वहीला काय खायला घालतोस, इतकी माजलीय ती?"

आजींचा स्वभाव काम अर्धवट सोडण्यातला नव्हता. त्यांनी आपल्या झाडावरचा उरलेला आकडा तर पुसलाच, वर गोठ्याचं दार रंगवून उरलेला लाल रंग काढून आळीच्या टोकाच्या विजेच्या लाकडी खांबावर टपोरा सदतीस काढला. त्या दिवशी आकडेवाल्याची मोजणी पूर्ण भरली. त्यानं समाधानानं वही मिटली, शिंप्याकडे जाऊन चहासुद्धा प्यायला.

पाहणीला आलेल्या इंजिनिअरबाई खांबापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?"

"सदतीस, मॅडम."

"हा खांब आहे."

"लाकूडच आहे ना, मॅडम."

बाईंनी डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली. "खरा सदतीस सापडल्याशिवाय एकाही झाडाला करवत लागणार नाही," त्या म्हणाल्या, आणि काम थांबलं. अकरा अर्जांचा रस्ता एका आकड्यावर अडकून पडला.

आळीत मग चौकशी सुरू झाली. शिंप्याला काकांच्या सुरीच्या मुठीवर लाल कण दिसले. कापडावरचा डाग शोधणारी नजर ती.

"म्हणजे तुमच्या दारातली पीडा तुम्ही माझ्या पेरूवर घातलीत?"

"मी घातली नाही. मी फक्त काढली."

"बत्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं बरोबर पत्त्यावर टाकलीत, आणि हे एक माझ्या दारात?"

शिंप्यानं अबोला धरला. काकांची एक नवी विजार आखूड करायला त्याच्याकडे पडली होती. ती मागायची काकांना लाज वाटू लागली. झाड वाचलं होतं, पण त्याच्याखाली एकट्यानं चहा प्यायचा, शेजारी खोकला तरी मान वळवायची नाही, आणि वर पानांकडे बघितलं की वाटायचं, ही सुद्धा तोंड फिरवून बसलीत.

नवव्या दिवशी सकाळी शिंप्याची सून धावत आली. "काका, तुमची खुर्ची हवी होती. सासूबाईंना धाप लागलीय. न्यायला पाहिजे."

काकांनी खुर्ची काढली. पुढचा उजवा पाय त्यांनी धरला, शिंप्यानं डावा. पायवाट तीच, खड्डे तेच. शिंपी धावू लागला तेव्हा काकांच्या तोंडून आपोआप निघालं, "सावकाश." आणि लगेच त्यांनीच पाय उचलले, शिंप्याच्याही पुढे.

या खेपेला गाडी गाठली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. शिंपी बाकावर बसून रडला. काका त्याच्या शेजारी बसले, त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाले, "मी रस्ता अडवला. चूक माझी आहे." शिंप्यानं नाक ओढलं, कप घेतला. अबोल्यात चहा घेता येतो की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं.

काका तिथून थेट बाजारात गेले आणि लाल रंगाचा एक लहान डबा विकत घेतला.

आणि नेमक्या त्याच दुपारी, काका दुकानात ब्रश निवडत असताना, आकडेवाला त्यांच्या दाराला कुलूप बघून उभा होता. इंजिनिअरबाईंनी कचेरीत मूळ नकाशा उलगडला होता. सदतीस म्हणजे टपालवाल्याच्या दारातला आंबा, हे त्यांना कळलं, आणि अकरा अर्जही त्याच माणसाचे आहेत, हेही कळलं. मग त्यांनी पट्टी घेतली आणि रेघ तेवढ्यापुरती आठ फूट पलीकडे, पडीक बाजूला वळवली. सदतीस रद्द झाला. नव्या नकाशावर तीन शिक्के पडले. उद्यापासून करवत चालणार होती. आकडेवाल्यानं खांबावरचा आकडा पुसला. आंब्यावर आकडा नव्हताच, त्यामुळे पुसायचं काही राहिलं नव्हतं.

त्यानं वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या आणि शिंप्याच्या सुनेकडे दिल्या. ती सासूबाईंचा डबा घेऊन दवाखान्यात निघाली होती. काकांची विजार शिवून तयार होती. चिठ्ठी हरवायला नको म्हणून तिनं ती विजारीच्या खिशात ठेवली, आणि विजार घडी करून काकांच्या कडीला अडकवली. विजार न्यायची म्हणजे माणूस खिसे बघणारच, असं तिला वाटलं.

काकांनी आल्यावर विजार पाहिली. शिंप्याचा राग उतरला म्हणायचा. त्यांना बरं वाटलं. 'रस्ता सुरू होईल त्या दिवशी घालू,' असं ठरवून त्यांनी ती कपाटात ठेवून दिली.

पहाटे उजाडता उजाडता काका डबा घेऊन आंब्यापाशी गेले. खरवडलेली जागा अजून पांढरट होती. त्यांनी पाकिटावर पत्ता घालायच्या अक्षरात, वळणदार, स्वच्छ सदतीस लिहिला. मग झाडाला म्हणाले, "बघ बाई. मी तोडू म्हणत होतो तेव्हा ऐकलं नाहीस."

हे झाडाला म्हणाले की आणखी कुणाला, ते त्यांनाच ठाऊक. करवतीचा आवाज ऐकवणार नाही म्हणून ते तडक मुलीच्या गावी निघून गेले. नऊ वाजता मुकादम आला. खोडावर आकडा होता. इतका सुंदर आकडा त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

काका परतले ते चार महिन्यांनी, रस्ता सुरू व्हायच्या दिवशी सकाळी. त्यांनी नवी विजार घातली आणि बाहेर आले. माळावरून सरळसोट आलेला काळा रस्ता त्यांच्या दाराशी आला होता, आणि तिथे, काहीही कारण नसताना, एका बुंध्याला मोठा मान देऊन बाजूनं वळला होता.

"इथं हे वळण कशाला?" फीत कापायला आलेल्या साहेबांनी विचारलं.

इंजिनिअरबाईंनी आकडेवाल्याकडे पाहिलं. आकडेवाला आपल्या बुटांकडे बघत राहिला. "तीन शिक्के पडले होते, साहेब," तो पुटपुटला.

काकांनी रुमालासाठी खिशात हात घातला आणि हाताला कागद लागला.

'सदतीस रद्द. रस्ता वळवला आहे. तुमचं झाड राहील. काळजी नसावी.'

त्यांनी तो दोनदा वाचला. तारीख बघितली. बुंध्याकडे बघितलं. इतक्यात शिंपी पुढे आला आणि साहेबांना मोठ्यानं सांगू लागला, "हा माणूस बघा, साहेब! झाड वाचल्याची चिठ्ठी हातात असताना यानं स्वतः आकडा घालून झाड दिलं. आळीचं काम पुन्हा अडायला नको म्हणून! मी चार महिने गावभर सांगतोय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सून मात्र वाजवत नव्हती. तिची नजर काकांच्या हातातल्या कागदावर होती, त्याच्या अजून करकरीत घडीवर होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारी खुर्चीत तिच्या सासूबाई बसल्या होत्या, जरा वाळलेल्या, पण हसऱ्या.

"काका," ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "ती चिठ्ठी... तुम्ही आत्ता..."

काकांनी कागदाची नीट घडी घातली. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पत्र उशिरा पोचलं नव्हतं.

"छे गं," ते म्हणाले. "तेव्हाच वाचली होती. आठवण म्हणून जपून ठेवलीय."

आता त्या वळणावर सगळ्या गाड्यांना वेग कमी करावा लागतो. नवे लोक शिव्या देतात, जुने सवयीनं सावकाश जातात. संध्याकाळी काका तिथे ती लाकडी खुर्ची टाकून बसतात आणि बुंध्याला तांब्याभर पाणी घालतात. शिंपी दोन कप चहा घेऊन येतो, वाकून बुंधा बघतो.

"काही फुटतंय का हो, काका?"

काका कपात फुंकर मारतात.

"पुढच्या वर्षी," ते म्हणतात.