सातव्या विमानातील पिवळ्या पायमोज्याची मोहीम

ज्या पथकाची चाहूल लागताच आभाळाने अदबीने बाजूस सरावे, त्या पथकास गतसाली चाळीस वर्षे पुरी जाहली, सबब त्याचा समग्र वृत्तांत लिहून ठेवावा, ऐसा हुकूम पथकप्रमुख साहेबांचे दफ्तरातून जाहला. हुकूम शिरसावंद्य. त्यास, दोन युद्धे जाहली, एका महापुरात छपरांवरून माणसे उचलिली, तीन वेळा जुनी विमाने जाऊन नवी आली आणि एकदा वादळात भटारखान्याचे पत्रे उडाले, हे थोर प्रसंग सरकारी पुस्तकात आहेतच, ते तेथे पाहावे. परंतु जी मोहीम सर्वांत बिकट, जीमध्ये शत्रू चार बोटे लांब, लोकरीचा आणि बिनआवाजी, ती कोणी लिहिली नाही. ती येथे लिहिली आहे.

चाळिशीच्या समारंभास एक दिवस उरला होता. दुसरे दिवशी सकाळी नऊ विमानांनी बाणाच्या आकारात उडावे आणि पाहुण्यांचे डोळे दिपवावे, ऐसा मनसुबा ठरला होता. पैकी सातवे विमान वयाने वडील, म्हणोन त्यास सर्व 'म्हातारी' म्हणत. तिची निगा राखणारी यंत्रकर्ती बाई, हाताची कसबी, जिभेची कमी, तीस लहानथोर 'ताई' म्हणत. ताई बाळंतपणाची रजा संपवून आठवडाभरापूर्वीच कामावर रुजू जाहल्या होत्या. घरी कन्यारत्न, वय महिने आठ, दात दोन, मिजाज बादशाही. मग चहाच्या किटलीपाशी कुजबुज सुरू जाहली की बाईंचे चित्त आता पूर्वीसारखे कामात राहते की काय. म्हातारीचा वैमानिक, उमदा शिलेदार, मिशा बारीक आणि तोरा मोठा, तो तर तोंडावरच म्हणाला, "ताई, हात विमानात आणि जीव पाळण्यात, असं नको हं व्हायला!" ताई हसल्या, आणि ते त्यांस लागलेही.

आता पथकाचा कायदा ऐका. हत्यारखान्याच्या भिंतीवर एक मोठी फळी, तीवर प्रत्येक हत्याराची काळ्या रंगाने आकृती काढिलेली. पक्कड बाहेर गेली की तिची रिकामी आकृती दात पडल्यासारखी दिसते, आणि सायंकाळी सर्व आकृत्या भरल्याखेरीज कोणी घरी जात नाही. विमानात चढण्यापूर्वी खिसेही रिकामे करावयाचे. कारण एखादी सुटी वस्तू आत राहिली तर ती जमिनीवर सापडतेच असे नाही, वर गेल्यावर सरकते आणि नेमकी नको तेथे जाऊन बसते. या कायद्याचे रखवालदार चष्मेवाले काका. त्यांचे कपाट उघडे राहिले, ऐसे कोणाच्या स्मरणात नाही.

त्या दिवशी प्रातःकाळी ताई घरून निघताना कन्येने तंगडी झाडून डावा पायमोजा भिरकाविला, तो ताईंनी उचलून घाईने मांडीवरच्या खिशात कोंबला, आणि मग दुधाची बाटली, पापा, पुन्हा पापा, यांत तो विसरला. हत्यारखान्यात काकांच्या ताटात किल्ल्या गेल्या, फोन गेला, कंगवा गेला, रुमाल गेला. पायमोजा मात्र खिशातच राहिला. मग ताईंनी म्हातारीत, वैमानिकाच्या खुर्चीपाशी शिरून, डोके खाली आणि पाय वर करून, दोन प्रहरपर्यंत तारा तपासल्या.

दुपारी हात धुऊन फोन घेतात तो नवऱ्याचा आवाज, "अगं, हिचा डावा मोजा तुझ्याकडे आहे का? घर पालथं घातलं मी! एकच मोजा घालून बाईसाहेब रुसून बसल्यात."

ताईंनी खिशात हात घातला. खिशाची चेन उघडी आणि खिसा रिकामा.

न बोलल्यास कोणास कळणार नव्हते. बोलल्यास किटलीपाशी जे जे बोलले गेले ते ते खरे ठरणार होते, आणि चाळीस वर्षांचा समारंभ एका बाळाच्या पायमोज्याने बुडणार होता. मग त्यांस शिलेदाराच्या आईची आठवण जाहली, जी दर आठवड्यास पथकात फोन करून विचारी की आमचा मुलगा नीट जेवतो ना.

ताई काकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "काका, म्हातारीला थांबवा. माझ्या बाळाचा मोजा आत राहिलाय."

काकांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा चढविला. "नक्की आतच?"

"नसला तर बरंच. पण आहे असंच धरा."

काकांनी विमानास लाल फीत बांधिली आणि वर्दी पथकप्रमुख साहेबांकडे गेली. साहेबांचे फर्मान सुटले की, पायमोजा हस्तगत होईतो सातवे विमान उडणार नाही, आणि सातवे नाही तर नऊही नाहीत. पाहुण्यांस काय सांगावयाचे ते आम्ही पाहू. आपण होऊन चूक सांगणारीस जो कोणी वाकडा शब्द बोलेल, त्याची गाठ आमच्याशी.

मग मोहिमेस तोंड लागले. चाळीस असामी खांद्यास खांदा लावून, माना खाली घालून, विमानघराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाऊल पाऊल सरकले, आणि लुटीत एक वायसर, एक बटण व एक वाळलेली पाल मिळाली. मग काकांनी तजवीज सांगितली की शत्रूचा जुळा भाऊ पाहिल्याशिवाय शत्रू ओळखू येणार नाही. तेव्हा नवरा कन्येस कडेवर घेऊन हजर जाहला. परंतु कन्या उजवा पायमोजा सोडीना. ओढावा तर आकांत! अखेर पायासकट पायमोजाच नमुना मानण्यात आला, आणि थोर थोर वीर रांगेने येऊन त्या पायास निरखून गेले: रंग पिवळा, टाचेवर बेडूक. शिलेदार फार वाकला, त्याच्या नाकावर सणसणीत लाथ बसली.

"लाथ पक्की आहे हो!" तो नाक चोळीत म्हणाला, आणि सकाळपासून प्रथमच ताई हसल्या.

मग म्हातारीची खुर्ची काढिली, त्यास दीड तास लागला. खुर्चीखाली काही नाही. तेव्हा काकांचा हुकूम जाहला की शिलेदाराने विमान वळविण्याची काठी स्वतः हलवून पाहावी. काठी डावीकडे पुरती गेली. उजवीकडे मात्र निम्म्यात थांबली, हळूच, जणू कोणी आतून चिमुकल्या मुठीत धरून ठेविली आहे.

आरसा आला, विजेरी आली, आणि काठीच्या बुडाशी, दांड्यांच्या सांध्यात, पिवळी टाच दिसली. ताईंनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि दोन बोटांनी शत्रूस बाहेर ओढिले. बेडूक तेलाने काळा पडला होता.

शिलेदाराने काठी उजवीकडे पुरती नेऊन पाहिली. मग म्हणाला, "ताई, उद्या मला उजवीकडेच वळायचं होतं."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "म्हणून तर काकांना सांगायला आले."

येणेप्रमाणे दिवस मावळण्यापूर्वी फत्ते जाहली. जखमी, शिलेदाराचे नाक एक. शत्रू, जिवंत कैद. दुसरे दिवशी नऊही विमाने उडाली, म्हातारी उजवीकडे वळली, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजविल्या, त्यांस यातील काही ठाऊक नव्हते.

ताईंनी पायमोजा मागितला. काका म्हणाले, "आता नाही मिळायचा, पोरी. पथकाचा झाला तो." त्यांनी तो स्वतःच्या हाताने धुतला, फळीवर पक्कड आणि आरसा यांचे मध्ये टांगिला, आणि भोवती काळ्या रंगाने आकृती काढिली.

त्यास आता वर्ष होत आले. कन्या चालू लागली, पाय वाढला, उजवा पायमोजाही अंगठ्यात अडकून राहतो. फळीवरची आकृती मात्र चार बोटांचीच आहे. रोज सायंकाळी काका पुकारा करितात: पक्कड हजर, पायमोजा हजर, आरसा हजर. त्यातील मधला पुकारा ऐकल्यावाचून ताई घरी जात नाहीत. आणि हल्ली शिलेदारही जात नाही.