भालदाराचं डोकं

अवधूतच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार होते. जुना सिनेमा जसा काढला तसा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून बघणारे, आणि खाटीक! टीव्ही काठोकाठ भरावा म्हणून जुन्या चौकोनी चित्राचं वरचं-खालचं छाटणाऱ्या कंपन्या म्हणजे तर घाऊक खाटीक. त्यांच्याशी तो एचएसआर लेआउटमधल्या आपल्या फ्लॅटमधून, इंटरनेटवर, हातघाईची लढाई लढत असे. ऑफिसातल्या मेल दोन-दोन दिवस पडून राहत. पण कुणी "काळ्या पट्ट्या डोळ्यांना टोचतात हो" असं लिहिलं, की अवधूतचं उत्तर चहा निवायच्या आत जायचं.

तेव्हा बसवंतकाकांच्या सहस्रचंद्रदर्शनाला त्यांचा सिनेमा दाखवायचा ठरला, आणि अवधूतने छाती पुढे काढून सांगितलं, "माझ्यावर सोडा! दिग्दर्शकाने पाहिली तशी चौकट दाखवतो!"

बसवंतकाका म्हणजे त्याच्या बायकोचे, शाल्मलीचे थोरले काका. घर चामराजपेटचं. घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आलं आणि परत जायचं विसरलं. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि भांडणात दोन्ही. काका जन्मभर बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पत्रे कापत होते, पण त्याआधी तरुणपणी एका कृष्णधवल पौराणिक कन्नड चित्रपटात ते भालदार झाले होते. राजाच्या सिंहासनामागे, पायरीवर, भाला घेऊन उभे! या एका भाल्यावर काकांचं आयुष्य उभं होतं. सत्यवतीअक्कांनी लग्नाला होकार दिला तो म्हणे याच भाल्यामुळे. घरच्या जुन्या कॅसेटमध्ये भालदाराचा चेहरा भिजलेल्या बिस्किटासारखा दिसायचा, आणि पुढे तर तिला बुरशीच लागली. आता त्याच सिनेमाची नवीन, धुऊन-पुसून लख्ख केलेली डिस्क आली होती.

समारंभाच्या दिवशी सकाळी अवधूतने घरी डिस्क लावून पाहिली. राजा आला. सिंहासन आलं. मागे भालदार आला, आणि अवधूतच्या हातातला पोह्यांचा चमचा खाली पडला. भालदाराला डोकंच नव्हतं! टीव्ही काठोकाठ भरलेला, आणि भालदार गळ्यापासून वर गायब!

डिस्कच्या वेष्टनावर बोम्मसंद्र्याच्या एका कंपनीचा पत्ता होता. अवधूतने डिस्क आणि गाडीची किल्ली उचलली आणि जिना उतरता उतरता चामराजपेटला पोचलेल्या शाल्मलीला निरोप टाकला:

"घात झाला! बसवंतकाका गेले. गळ्यापासून वरचं सगळं कापलं गेलंय, नुसतं धड उरलंय. बोम्मसंद्र्याच्या कंपनीचं काम. मी तिकडेच निघालोय, एकेकाला बघतो!"

मग त्याने शांतपणे भांडता यावं म्हणून फोनचा आवाज बंद केला. निरोप शाल्मलीला नाही, तर 'जाधव मंडळी चामराजपेट' या समूहावर गेला होता, हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. आणि बसवंतकाका त्याच सकाळी, फोन घरीच विसरून, जुन्या सोबत्यांना आमंत्रण द्यायला बोम्मसंद्र्यालाच गेले होते, हेही त्याला माहीत नव्हतं.

कंपनीतला मॅनेजर त्रिविक्रम हा अतिशय सोशिक माणूस होता. त्याने अवधूतचं चित्रपटकलेच्या पावित्र्यावरचं भाषण पूर्ण ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि तीच डिस्क स्वतःच्या टीव्हीवर लावली. दोन बाजूंना काळ्या पट्ट्या, मधे राजा, मागे भालदार. डोक्यासकट! मिशीचा केस न् केस मोजावा असा.

"सार," त्रिविक्रम हळूच म्हणाला, "आपके टीवी में झूम ऑन होगा. रिमोट में बटन रहता है."

अवधूतला एकदम आठवलं. टीव्ही घेतला तेव्हा क्रिकेटचा सामना मोठा दिसावा म्हणून त्यानेच ते बटण दाबलं होतं! म्हणजे गेली तीन वर्षं ज्या ज्या कंपनीला त्याने इंटरनेटवर खाटीक म्हटलं, त्या सगळ्यांचे गळे त्याच्याच दिवाणखान्यात कापले जात होते. एवढा अपमान गिळून तो बाहेर आला, तर फाटकाशी बसवंतकाका रिक्षावाल्याशी हुज्जत घालत उभे!

"अरे जावईबापू, तुम्ही इकडं? सरी, बरं झालं. हा दुप्पट मागतोय. चला तुमच्या गाडीतनं."

गाडीत अवधूतने झूमचा विषय टाळला आणि फुशारकी तेवढी सांगितली. "काका, काय प्रिंट आहे! तुमचा चेहरा असा स्वच्छ दिसतो की डोळे मिटून सुद्धा ओळखू येईल!"

काकांनी मान वळवली. "चेहरा... दिसतो?"

"मिशीसकट!"

त्यानंतर सिल्क बोर्डाच्या चौकातल्या गर्दीत काका खिडकीबाहेरच बघत राहिले. भारावले असतील, असं अवधूतला वाटलं.

चामराजपेटला गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा मांडवावरच्या दिव्यांच्या माळा उतरवून पांढरं कापड लावणं चाललं होतं. आचारी होळिगेचं पुरण झाकून नुसता भात टाकत होता. सत्कारासाठी मोठा करून आणलेला काकांचा फोटो ओसरीवर होता, आणि सत्काराचा हार त्या फोटोला घातला होता.

"कोण गेलं रे?" काका हळहळत खाली उतरले. "आजच जायचं होतं?"

काकांची बहीण गोजराबाई "अण्णा!" म्हणून हंबरडा फोडतच होती. समोर अण्णा पाहून तो हंबरडा अर्ध्यातच अडकला, मग दुप्पट जोराने बाहेर पडला. शाल्मलीचे वडील विठोजी धावत येऊन काकांची मान चाचपू लागले. पुढून, मागून, पुन्हा पुढून.

"जोडली?" ते म्हणाले. "डोकं जोडलं इतक्या लवकर?"

मग सगळ्यांची तोंडं अवधूतकडे वळली. शाल्मलीने फोन त्याच्या नाकासमोर धरला. त्याने स्वतःचाच निरोप वाचला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती, आणि म्हैसूरहून निघालेल्या कुणा सूर्यकांतमामांनी "नारळ इथूनच आणू का?" असं विचारलं होतं.

"गेले म्हणजे... चौकटीबाहेर गेले," अवधूत पुटपुटला.

"चौकटीतच घातलंय आम्ही त्यांना!" विठोजी फोटोकडे बोट दाखवून ओरडले. "हार घालून!"

पुढची दहा मिनिटं अवधूतने दोन भाषांत शिव्या खाल्ल्या. कन्नडमधल्या कळल्या नाहीत, हीच काय ती सवलत. शेवटी सत्यवतीअक्कांनी डोळे पुसले आणि हात वर केला. "पुरे. आता मला यांचा सिनेमा दाखवा. सकाळपासून रडतेय, तोंड तर बघू दे एकदा यांचं, तरुणपणचं."

टाळ्या पडल्या. दिव्यांच्या माळा परत चढल्या. आणि काकांनी अवधूतला दंड धरून मोरीपाशी ओढलं.

"जावईबापू, स्वल्प ऐका. तो मी नाही."

"कोण?"

"भालदार! मला त्या दिवशी ताप आला होता. माझ्या जागी फत्तेसिंग उभा राहिला, शेजारचा. नंतर तो हुबळीला गेला तो गेलाच. मी हिला सांगितलं मीच आहे म्हणून. लग्न ठरत होतं हो! आज चेहरा दिसला तर या वयात माझं काय राहील?"

अवधूतने काकांकडे पाहिलं. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, गळ्यात नुकताच फोटोवरून काढलेला हार, आणि डोळ्यांत चोरी पकडलेल्या पोराची भीती. अवधूतला गलबलून आलं. सगळी तत्त्वं एकीकडे आणि हे तोंड एकीकडे. तो आत गेला, रिमोट उचलला आणि अंगठ्याने झूमचं बटण दाबलं.

राजा आला. भालदार आला. डोक्याशिवाय.

"डोकं कुठंय?" गोजराबाई किंचाळली.

"दिग्दर्शकाला हीच चौकट अपेक्षित होती," अवधूत खणखणीत आवाजात म्हणाला. "राजापुढे सामान्य माणसाला चेहरा नसतो, हे त्याला सुचवायचं आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी भाला कसा धरला होता ते रणवीरला, पुतण्याला, करून दाखवलं आणि मंडळी जेवायला उठली. काका पहिल्या पंगतीला, मधोमध.

अवधूत डिस्क काढायला वाकला तर मागे सत्यवतीअक्का उभ्या.

"भाला डाव्या हातात होता," त्या म्हणाल्या. "आमच्या यांना डाव्या हातानं चमचा धरता येत नाही."

डिस्क तशीच सोडून अवधूत उभा राहिला. "म्हणजे तुम्हाला... कधीपासून?"

"लग्नाच्या आधीच थेटरात बघितला होता की! फत्तेसिंग होता तो."

"मग लग्नाला हो का म्हणालात?"

"फत्तेसिंगनं विचारलं कुठं?" अक्कांनी एकदा पंगतीकडे नजर टाकली आणि खुर्ची टीव्हीसमोर ओढली. "हे दुसरी होळिगे घेतायत, वेळ आहे. तुमचा अंगठा बघितलाय मी मघाशी. काढा ते बटण."

आणि अवधूतने, चोरासारखं दाराकडे बघत बघत, मूळ चौकट लावली.