टेकडीवरचा दमा

औषध घेतलं की दमा वाढतो, असं संघप्रियाच्या लॅपटॉपवर दिसत होतं.

पेशंट कलाबाई, मुलचेऱ्यापलीकडच्या जंगलातल्या एका गावची. दम्याच्या पेशंटांनी औषध मध्येच सोडू नये म्हणून संघप्रियाच्या संस्थेनं एक ॲप काढलं होतं. वेळ झाली की ते वाजायचं. मग पेशंटनं कॅमेऱ्यासमोर पंप ओढायचा आणि 'आता श्वास कसा आहे?' या प्रश्नाला हिरवा किंवा लाल चेहरा दाबायचा. कलाबाईचे व्हिडिओ इतके चोख, की संघप्रिया ते इतरांना शिकवायला वापरायची. पण प्रत्येक व्हिडिओखाली लाल चेहरा! चंद्रपूरच्या डॉक्टरांनी औषध दिवसातून दोनदा केलं, तर लाल चेहरे दुप्पट झाले. मध्ये एक दिवस औषध चुकलं. नेमका त्या दिवशी लाल चेहराही नव्हता.

बी.एस्सी. झालेल्या संघप्रियानं चुलीचा धूर, धूळ, रिकामा पंप, सगळं तपासलं. एकही कारण बसेना. डॉक्टर वैतागले. पेशंटला किंवा संघप्रियाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, निरोप संस्थेच्या ऑफिसातून यायचे-जायचे; पण ॲपवरचे चेहरे ते रोज पाहत होते. "सोमवारी भरती करा," त्यांनी सांगून टाकलं.

आणि मंगळवारी कलाबाईच्या लेकीचं, करिष्माचं लग्न होतं.

हा निरोप घेऊन संघप्रिया रविवारी गावात पोचली, तेव्हा कलाबाई मांडवासाठी जांभळीच्या डहाळ्या ओढून आणत होती. साधी खोकतही नव्हती.

"कलाबाई, तुमाले धाप लागते ना?"

"लागते ना. दवा घ्याले गेली का लागते."

"गेली का म्हणजे? कुठी जाता?"

कलाबाईनं गावामागच्या टेकडीकडे बोट केलं. "तिकडं वरतं. इथी टावर नाई, ते ॲप खुलतच नाई. तुनंच त सांगतलं, फोनसमोरच घे म्हनून."

"अन् लाल चेहरा?"

"वरतं पोचलं का इचारते, आता श्वास कसा हाय. चढून गेल्यावर मी खोटं सांगू का?"

"मंग तो एक दिवस काऊन चुकला?"

"वाघ बसून होता वरतं. त्याले उठ म्हनू का?"

संघप्रियाला इतका आनंद झाला, की ती तडक टेकडीकडे पळाली. डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं, आणि फोन वरच लागणार होता.

"हळू चाल वं पोरी!" मागोमाग चढत कलाबाई ओरडली.

माथ्यावर पोचून तिनं व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टरांना दिसलं ते असं: एक मुलगी लालबुंद होऊन धापा टाकते आहे आणि शेजारी एक बाई शांतपणे पदर सारखा करते आहे. रोज दोनदा चढून कलाबाईला आता टेकडीचं काही वाटेनासं झालं होतं.

"डॉक्टर... पेशंट... टेक..."

"बोलू नका! अहो सिस्टर, पेशंटला आधी खाली बसवा."

कलाबाईनं तिला बसवलं.

"औषध घेते का ही?"

"हे? काईच नाई घेत."

"वाटलंच मला! उद्याच भरती करा."

"पन साहेब, परवा लग्न हाय."

"मग तुम्ही जा ना लग्नाला, सिस्टर. हिला पाठवा."

फोन कटला. दम परतल्यावर संघप्रियानं सगळा खुलासा लिहून पाठवला. उत्तर आलं : 'पेशंटनं स्वतःचं निदान करू नये. तुमच्या नंबरावर ॲप सुरू केलं आहे. मंगळवारी हिरवा चेहरा आला नाही, तर गाडी पाठवतो.'

मंगळवारी मांडवात ढोल घुमत होता. कलाबाई सगळ्यांत पुढे नाचत होती. संघप्रियानं जेवणाची पत्रावळ ओढली, एवढ्यात तिच्या खिशातल्या फोनमध्ये ॲप वाजू लागलं; नुसतं वाजायला त्याला टॉवर लागत नव्हता. तिनं पत्रावळीकडे पाहिलं, मग टेकडीकडे पाहिलं, आणि उठली.

कलाबाई नाचता नाचता थांबली.

"जाय, जाय," ती मायेनं म्हणाली. "अन् वरतं पोचलं का खरं तेच दाबजो, पोरी."