सांडूआबांचा एसएमपीएस

सोमवारी सकाळी दहा वाजता सायलीचा कंप्युटर बंद पडला. आतून फट्‌ असा आवाज आला, जळकट वास सुटला आणि पडदा काळा झाला. सायली हर्सूलच्या घरी बसून एका इंजिनिअरसाठी घरांचे नकाशे काढायची. एका बंगल्याचा नकाशा त्याच दिवशी पाचच्या आत पाठवायचा होता.

"एसएमपीएस गेला," पेटीचं झाकण काढून आत नाक घालत ती म्हणाली. "कंप्युटरला करंट पुरवणारा डबा. नवीनच आणावा लागेल."

"नवीन कशाला?" तिचे सासरे सांडूआबा पेपर बाजूला ठेवत म्हणाले. "दुरुस्त होतंय."

हे वाक्य ते गेली चाळीस वर्षं म्हणत आले होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून त्यांची हयात गेली होती. माणसानं जोडलेली वस्तू माणसाला दुरुस्त करता आलीच पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं.

"आबा, सात वर्षं झाली त्याला."

"सातच? आमच्या गाडीचं वायरिंग वीस-वीस वर्षं चालायचं."

निवाड्यासाठी शेंद्र्याला कंपनीत ड्यूटीवर असलेल्या ऋतुराजला फोन लावला. त्यानं बायकोला सांगितलं, "नवीन घेऊन टाक." वडलांना सांगितलं, "बघा ना आबा, होत असेल दुरुस्त तर." एवढं बोलून, मशीनचा आवाज फार येतो म्हणून त्यानं फोन ठेवला.

शेवटी सायलीच म्हणाली, "तीन वाजेपर्यंत तुम्ही बघा. तीननंतर मी बाजारात जाते."

आबा डबा घेऊन ओट्यावर बसले. स्क्रू काढले, चष्मा पुसला आणि स्क्रूड्रायव्हर आत घातला. डब्याचा प्लगशी आता काही संबंध नसला, तरी पोटात थोडा करंट शिल्लक होता. तो त्यानं आबांना दिला. स्क्रूड्रायव्हर हातातून सुटला, भिंतीवरून उडाला आणि शेजारच्या आशाबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडला.

"काय झालं हो आबा?" पलीकडून आवाज आला.

"काय नाय. चेक करत होतो," आबा हात झटकत म्हणाले.

मग डबा पिशवीत घालून ते रिक्षानं शहागंजला गेले. तिथं रशीदभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं जुनं दुकान होतं. रशीदभाईंनी डबा हुंगला, हलवून पाहिला आणि आबांपुढं ठेवला.

"चाचा, ये तो पूरा खलास है. नया लेव."

"आरं, तू कारागीर हायेस का दुकानदार?"

"तो फिर रखके जाव. फुरसत मिली तो देखता. चार-पाच रोज लगते."

डबा तिथंच ठेवून आबा बाहेर पडले, तेव्हा घड्याळात दोन वाजून गेले होते. हात हलवत घरी गेलं तर सायली काही बोलणार नाही, हे आबांना माहीत होतं. ती नुसती चप्पल पायात घालून निघेल, आणि तेच त्यांना सहन होणारं नव्हतं. शिवाय नकाशाही राहून जाईल. समोरच्या गल्लीत कंप्युटरचं दुकान होतं. दारूच्या दुकानात शिरणारा माणूस पाहतो तसं आबांनी दोन्हीकडं पाहिलं आणि ते आत शिरले.

दहा मिनिटांनी ते एका चहाच्या टपरीवर बसून नव्याकोऱ्या एसएमपीएसचं लेबल नखानं खरवडत होते. लेबल निघाल्यावर त्यांनी बाकड्याखालची मूठभर माती घेतली आणि डब्याला चहूबाजूंनी चोळली.

"काका, नवीन दिसतोय तो," चहावाला म्हणाला.

"म्हणून तर," आबा म्हणाले.

तीनला पाच कमी असताना ते घरी पोचले. सायलीनं डबा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि काही न बोलता बसवला. कंप्युटर सुरू झाला. नकाशा पावणेपाचला गेला. संध्याकाळी ऋतुराज म्हणाला, "मानलं आबा!" आबांनी मान किंचित हलवली आणि जेवणात लोणचं जास्त वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाबाई मिक्सर घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"आबा, तुमच्या हाताला लई गुण हाय म्हणं. हा बघा की जरा. महिना झाला, फिरतच नाय."

आबांनी मिक्सर इमानदारीनं उघडला. दिवसभर खटपट केली. सकाळी तो नुसता फिरत नव्हता. संध्याकाळी तो झाकणात परत मावेनासा झाला. बुधवारी आबांनी त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा मिक्सर शहरभर हिंडून शोधला आणि त्याला कानशीनं दोन-तीन चरे पाडले.

"अगं बाई, आवाजसुदिक नव्यावानी!" आशाबाई हरखून म्हणाल्या आणि त्यांनी ही गोष्ट गल्लीत घरोघरी सांगितली. गुरुवारी एक इस्त्री आली. तीही त्याच वाटेनं दुरुस्त झाली. आबांची पेन्शन अशी लोकांच्या घरात चालू होऊ लागली.

शनिवारी रशीदभाईंचा फोन आला.

"चाचा, तुम्हारा माल चालू हो गया! एकीच छोटा पार्ट उडा था. ले जाव."

आबा जागच्या जागी उभे राहिले. चाळीस वर्षांत आपलं म्हणणं इतकं खरं कधीच ठरलं नव्हतं, आणि ते सांगायला जगात एकही माणूस उरला नव्हता. त्यांनी डबा आणला, कॉटखाली ठेवला, काढून पाहिला, पुन्हा ठेवला. जेवणही नीट गेलं नाही. शेवटी दुपारी ते डबा घेऊन सायलीच्या टेबलापाशी गेले.

"हा दुरुस्त झालाय," ते म्हणाले. "खरोखर."

सायलीनं माऊसवरचा हात काढला. "मग आत बसवलाय तो?"

आबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"आबा, माती बाहेरून होती. वायरींना कंपनीचा प्लॅस्टिकचा बंद तसाच होता. तो मीच कापला."

"तवाच का नाय बोललीस?"

"कशाला बोलू? मला नवीन पाहिजे होता, नवीन आला. तोही वेळेत."

आबांनी खुर्ची ओढली आणि डबा मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळानं त्यांना काहीतरी सुचलं.

"मग आशाबाईला कुणी सांगितलं, मी दुरुस्त्या करतो म्हणून?"

"मीच," सायली पडद्याकडं बघत म्हणाली. "म्हटलं, एवढा चांगला कारागीर घरात बसून राहायला नको. हो, आणि कोपऱ्यावरचे कडुबाकाका उद्या त्यांचा टीव्ही आणणार आहेत."

आबांनी मांडीवरचा डबा टेबलावर ठेवला. मग हळूच त्यांनी विचारलं,

"किती इंची हाय?"