समुद्राकडे निघालेला जावई

बोडका डोंगर दरवर्षी दीडशे हात समुद्राकडे सरकतो. वाटेतल्या गावांना त्याच्याशी सलोखा ठेवावा लागतो, म्हणून कोरेगव्हाणनं नऊ वर्षांपूर्वी आपली धाकटी विहीर त्याला दिली आणि त्याला रीतसर जावई करून घेतलं. मुलगी दिली की जावई बांधला जातो, असं सरपंच मथुराबाई जगदाळ्यांचं ठाम मत होतं. आता कुठला जावई कधी बांधला गेलाय, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

यंदा अधिक महिन्यातच बातमी आली, की डोंगरानं पिंपळसोंड गावची तळीही बायको करून घेतली. मथुराबाईंचं डोकंच फिरलं. सगळं कोरेगव्हाण उन्हाळ्यात त्या एका विहिरीवर जगायचं. डोंगर पुढं निघून गेला, की नवऱ्यामागं तीही जाणार.

जावयाच्या वाणाचे तेहतीस अनारसे घेऊन त्या ग्रामसेवक तांबटांसह पायथ्याशी गेल्या.

“जावईबापू, तुमी नक्की कुणाकडचं?”

डोंगरानं वाण ठेवून घेतलं. “दोघांकडचा. पुढं सात गावं आहेत, त्यांच्याकडचाही होईन. चारशे वर्षांत मला बंदर गाठायचंय.”

“दुसरी बायकू कायद्यात बसत न्हाई.”

“डोंगरांना तो कायदा लागू नाही, बाई,” तांबट हळूच म्हणाले. “मी कालच बघितलं.”

मथुराबाई तडक विहिरीच्या काठावर जाऊन बसल्या. “पोरी, म्हायेरी चल. तुझ्याबिगर गाव वैशाखात जगंल व्हय?”

विहिरीतून आवाज आला. “आई, ह्यांचा भरवसा न्हाई, ठावं हाय मला. पर मला समुद्र बघायचाय.”

मथुराबाईंना भडभडून आलं. नऊ वर्षांत पोरीनं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. त्यांनी पदरानं डोळे पुसले, तिची खणानारळानं ओटी भरली आणि तांबटांना वही काढायला लावली.

“लिवा. नवी नवरी सासरला एकली जात न्हाई, संगं पाठराखीण जाती. आपुन पाठवायचीच इसरलो. आता गाव जाईल पाठराखीण म्हनून.”

“सगळं गाव?”

“मारुतीच्या देवळासकट.”

“मुक्काम किती दिवस लिहू?”

“चारशे वर्सं धरा.”

तांबटांनी ठरावाला नंबर दिला. सोमवारी शाळेपासून गाव सरकवायला सुरुवात झाली. वर्ग चालूच होते. फक्त इमारत सरकत असताना मुलांनी शुद्धलेखन घ्यायचं नाही, पाढे म्हणायचे, असं ठरलं.