बहुमतानं आठ दात

सह्यशोभा कॉलनीतल्या रहिवाशांचं सामान्यज्ञान वाढावं, या उदात्त हेतूनं कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर 'रोज एक प्रश्न' हा खेळ सुरू करण्यात आला. तोपर्यंत त्या गटावर नळाला पाणी कधी येणार, एवढीच सूचना येत असे. माणूस पाण्यावर जगतो, पण ज्ञानावर मोठा होतो, असं जाहीर करून हंबीररावांनी दोन्ही एकाच गटावर सोडायला सुरुवात केली.

हंबीरराव शिक्षण खात्यातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी शाळा तपासल्या. आता तपासायला घरात पत्नी संयोगिताबाई तेवढ्या उरल्या होत्या आणि त्यांनी तपासून घ्यायला साफ नकार दिला होता. म्हणून त्यांनी कॉलनी हाती घेतली. सकाळी चहाबरोबर प्रश्न, दुपारी जेवणाआधी अधिकृत उत्तर. महिनाअखेर ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला 'ज्ञानरत्न' ही पदवी, शाल आणि श्रीफळ.

"प्रश्नांची खात्री करून घेता ना, साहेब?" कोपऱ्यावर ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या मोनावहिनींनी एकदा विचारलं होतं.

"कितीतरी गटांवर फिरून आलेले असतात," हंबीरराव म्हणाले. "आणखी काय खात्री पाहिजे?"

खेळ रंगला. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे कळल्यावर कॉलनीत काही दिवस ऑक्टोपसविषयी आदराचं वातावरण होतं. वकील उदयसिंह कोर्टात अशिलाला थांबवून उत्तरं पाठवू लागले. कॉलनीत म्हैस आणून दारात धार काढून देणारा बाळासो एका हातानं चरवी धरून दुसऱ्या हातानं उत्तर टाईप करू लागला. गप्प असायचे ते फक्त डॉक्टर नागसेन. ते जनावरांचे डॉक्टर. शाहूवाडी तालुक्यातल्या एका दवाखान्यात रोज मोटरसायकलवरून जायचे. गटावर होते ते पाण्यापुरते.

आणि एका सकाळी प्रश्न आला: 'म्हशीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात किती असतात?'

डॉक्टरांना राहवलं नाही. त्यांनी हेल्मेट घालता घालता लिहिलं, 'एकही नाही.'

दुपारी अधिकृत उत्तर जाहीर झालं: आठ. उदयसिंह, मोनावहिनी, बाळासो आणि निम्म्या कॉलनीला गुण मिळाले. डॉक्टर नागसेन यांच्या नावापुढे फुली पडली.

डॉक्टरांनी नम्रपणे कळवलं की गाई-म्हशींना वर पुढचे दात नसतातच, तिथं टणक हिरडी असते. आठ असतात ते खाली. हंबीररावांनी उत्तर दिलं, 'आपला आक्षेप प्राप्त झाला. पुराव्याअभावी विचार करता येत नाही.' डॉक्टरांनी पाठ्यपुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला. त्यावर उत्तर आलं, 'पुस्तक इंग्रजी आहे. म्हैस विलायती दिसते. प्रश्न मराठीत होता.'

उदयसिंहांनी कायद्याची बाजू मांडली. 'म्हशीला दात किती, हा मुद्दा गैरलागू आहे. अधिकृत उत्तरात दात किती, एवढाच प्रश्न गटाच्या अधिकारकक्षेत येतो.'

वाद वाढू नये म्हणून मोनावहिनींनी मधला मार्ग सुचवला. 'डॉक्टर शून्य म्हणतात, साहेब आठ म्हणतात. शेजारी शेजारी भांडण नको. चार करून टाका.'

शेवटी लोकशाही मार्गानं मतदान घेण्यात आलं. आठ दात प्रचंड बहुमतानं निवडून आले. चार दातांनाही बरी मतं पडली. शून्याला एकच मत होतं, आणि ते कुणाचं हे शोधायची गरज नव्हती. डॉक्टरांनी बायकोकडं पाहिलं.

"मी चारला दिलं," संघप्रिया म्हणाली. "उद्या विरजण मागायला कुणाच्या दारात जायचं?"

डॉक्टरांनी रागाच्या भरात गटावर लिहिलं, 'दात मतांनी उगवत नाहीत.' हे वाक्य सभासदांच्या भावना दुखावणारं ठरलं आणि शिस्तभंगाबद्दल त्यांना पत्नीसह गटातून वगळण्यात आलं. नवराबायको एकाच विचाराचे असणार, असं गृहीत धरलं गेलं.

त्याच आठवड्यात जलवाहिनीची दुरुस्ती निघाली आणि पाण्याच्या वेळा बदलल्या. संघप्रियानं नळ सोडून बघितला, तर नळ नुसता खाकरला. शेजारी विचारलं तर उत्तर आलं, "आत्ताच गेलं की पाणी! गटावर टाकलंय न्हवं?" पुढचे काही दिवस डॉक्टर बादल्या घेऊन मेव्हण्याच्या घरी जात होते. वाटेत भेटणारे त्यांना सहानुभूतीनं सांगत, "आठ म्हणून टाका हो डॉक्टर. आपलं काय जातंय?"

एका सकाळी रिकामी बादली हातात असताना त्यांना दारातच हंबीरराव भेटले. बाळासोची म्हैस समोर उभी होती. डॉक्टरांचा संयम संपला.

"साहेब, म्हैस रोज तुमच्या दारात येते. तोंड उघडून बघा की एकदा!"

ही सूचना कुणाच्याच मनात आली नव्हती. कॉलनीचा म्हशीशी जो काही व्यवहार होता तो मागच्या बाजूनं होता. उदयसिंह, मोनावहिनी अशी जाणकार मंडळी जमली. बाळासोनं म्हशीचा ओठ वर केला.

वर दात नव्हते. गुळगुळीत हिरडी होती, बस्स.

हंबीररावांनी वाकून पुन्हा एकदा पाहिलं. असे प्रसंग त्यांच्या नोकरीत येऊन गेले होते. कागदावर शाळेला छप्पर असे आणि समोर उभं राहिलं की आभाळ दिसे. अशा वेळी कागद फाडायचा नसतो, हे ते अनुभवानं शिकले होते. त्यांनी घसा साफ केला.

"बाळासो, तुझ्या म्हशीचे वरचे दात कुठं गेले?"

"जात्यात कुठं? म्हशीला वर नस्त्यातच की, साहेब."

"मग तू गटावर आठ का लिहिलंस?"

"वकीलसाहेबांनी लिवलं, त्येच्याखाली म्या बी लिवलं. गटात ऱ्हायचं तर समद्यांच्या बरूबर ऱ्हायला नगं व्हय?"

पण मोनावहिनींच्या चेहऱ्यावर वेगळीच काळजी उमटली होती. "म्हणजे इतके दिवस आपण पोरांना दात पडलेल्या म्हशीचं दूध पाजतोय?"

प्रश्न एकदम आरोग्याचा झाला. म्हैस म्हातारी असावी, असं उदयसिंहांचं मत पडलं. बाळासोनं दुसऱ्या दिवशी गोठ्यातली तरणी म्हैस आणली. तिलाही वर दात नव्हते. तिसरी आणली, तीही तशीच. एकाच गोठ्यातल्या सगळ्या म्हशी बिनदाताच्या निघाल्यावर रोगाची साथ असल्याबद्दल शंका उरली नाही. कॉलनीनं पिशवीचं दूध सुरू केलं. पिशवीला तोंड नसतं, त्यामुळे दातांचा प्रश्न येत नाही.

त्या संध्याकाळी बाळासो डॉक्टरांच्या घरी आला. चप्पल काढून उंबऱ्यातच बसला.

"डाक्टर, तुमचं खरं हाय. खरं माझ्या दुधाचं काय?"

कोल्हापुरात 'खरं' या शब्दाचा अर्थ 'पण' असाही होतो. इथं सत्याच्या मागोमाग पण येतोच, त्यासाठी वेगळा शब्द ठेवावा लागत नाही.

"मी काय करू? मी खरं तेच सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"व्हय की. आन् त्येच्यामुळंच म्हशीचं त्वांड उघडलं. ते मिटलं हुतं तवर माझं बरं चाललं हुतं. बायको खवा आटवून आटवून दमली. कासंला हात लावला की म्हशी माझ्याकडं बघत्यात. त्यास्नी काय सांगू, तुमचं दूध नापास झालंय म्हणून?"

एका बाजूला डॉक्टरांची पदवी होती, दुसऱ्या बाजूला हा उंबऱ्यात बसलेला माणूस. त्याच्याकडं बघवत नव्हतं.

संघप्रिया चहा घेऊन आली. "म्हशीला पुढचे आठ दात असतात, हे खरं का खोटं?"

"खरं. पण खाली."

"मग आठ आहेत एवढंच लिहा. कुठं आहेत ते कुणी विचारलं तर बघू."

कुणी विचारणार नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

निवेदन करू इच्छितो, असं कळवल्यावर डॉक्टरांना गटात पुन्हा प्रवेश देण्यात आला. त्यांनी लिहिलं, 'मी स्वतः तपासणी केली आहे. बाळासो यांच्या म्हशींना पुढचे आठही दात असून ते शाबूत आहेत. म्हशी निरोगी आहेत. दूध पिण्यास हरकत नाही.'

गटावर फुलांचा, फटाक्यांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी बाळासोच्या म्हशीभोवती पुन्हा भांडी खणखणली. ज्यांनी तिचं रिकामं तोंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तेच सगळ्यांत पुढं होते. महिनाअखेरीचा 'ज्ञानरत्न' किताब डॉक्टर नागसेन यांना, चूक सुधारण्याच्या मनाच्या मोठेपणाबद्दल, एकमतानं देण्यात आला.

शाल पांघरवताना हंबीरराव त्यांच्या कानाशी वाकले. "डॉक्टर, मी बघितलं होतं हो. वर नव्हते."

"मग सांगा की सगळ्यांना."

"आता कसं सांगायचं? गुण देऊन झालेत," हंबीरराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका केविलवाणा होता की डॉक्टरांनाच त्यांची समजूत काढावी लागली.

डॉक्टरांना वाटलं, विषय मिटला. पाण्याची वेळ मोबाईलवर येऊ लागली, घरात बादल्या भरल्या. त्यांचं निवेदन मात्र कॉलनीत थांबायला तयार नव्हतं. ते नात्यातल्या गटांवर गेलं, देवदर्शनाच्या गटांवर गेलं, गगनबावड्याच्या पावसातून पलीकडं कोकणात उतरलं. वाटेत लोकांनी आपापल्या परीनं भर घातली. शेवटी त्याला ठसठशीत मथळा मिळाला: 'पशुवैद्यकाचं शिक्कामोर्तब! म्हशीला वरच्या जबड्यात आठ दात! तुमच्या म्हशीचे आजच मोजा!' खाली डॉक्टर नागसेन यांचं नाव होतं, आणि शाल पांघरलेला फोटो.

एका सकाळी डॉक्टर दवाखान्यात पोचले तर दारात म्हशींची रांग लागलेली. सर्वांत पुढं गुंडू नावाचा एक म्हातारा शेतकरी उभा होता. डोळ्यांत पाणी.

"डाक्टर, हिचं वरचं दात समदं पडल्यात. कायतरी औषद द्या."

"अहो, पडले नाहीत. नव्हतेच. जन्म म्हशीत गेला तुमचा. कुठल्या म्हशीला वर दात बघितलेत का कधी?"

गुंडूनं मनापासून आठवून पाहिलं.

"न्हाय बा. आज्ज्याच्या काळापास्नं एका बी म्हशीला बघितलं न्हाईत." त्यानं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "म्हंजे बगा डाक्टर, रोग किती जुना हाय!"

"अहो, हा रोग नाही—"

गुंडूनं सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला आणि शालीतला फोटो डॉक्टरांच्या तोंडापुढं धरला. "ह्ये तुमीच न्हवं?"

डॉक्टरांनी फोटोकडं पाहिलं. मग रांगेकडं पाहिलं. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात तोच फोटो होता. एकेकाला समजवायला बसलं तर संध्याकाळ होणार होती, आणि तरीही कुणी विश्वास ठेवला नसता. कारण जे ते सांगणार होते त्याविरुद्ध खुद्द डॉक्टर नागसेन यांचीच साक्ष होती. त्यांनी कपाट उघडलं आणि कॅल्शियमची बाटली गुंडूच्या हातात ठेवली.

"रोज द्या. तब्येत सुधारेल."

"दात येतील न्हवं?"

"जेवढे यायचे तेवढे येतील," डॉक्टर म्हणाले. गुंडू समाधानानं म्हैस घेऊन गेला. त्याच्या मागचा पुढं सरकला.

तो मेसेज तुमच्याकडंही आला असेल. तुम्ही तो पुढं पाठवला नसणार, तुम्ही सुजाण आहात. पाठवणारा ओळखीचा होता, म्हणून खाली एक अंगठा ठेवलात, एवढंच. आणि आता ही हकीकत वाचून तुम्ही हंबीररावांना हसलात, डॉक्टरांची बाजू खरी धरलीत. चांगलंच केलंत. पण म्हशीचं तोंड तुम्ही उघडून पाहिलेलं नाही. लिहिणारा माणूस जरा ठाम सुरात बोलला, एवढंच.